सेवाकाळ संपत आलाय: सरळ घरी, की वर्षभर कॅमेरा घेऊन भटकंती?

खडूचीधूळ

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतंच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

गेली पावणेदोन वर्षं मी टांझानियाच्या नैऋत्येला, म्बेया भागातल्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवतेय, स्वयंसेवक म्हणून. डिसेंबरात इथलं शाळेचं वर्ष संपतं आणि त्यासोबत माझा करारही. संस्थेने दोन पर्याय दिलेत: घरापर्यंतचं विमानाचं तिकीट, किंवा तेवढी रोख रक्कम आणि पुढे तुमचं तुम्ही बघा. आमच्या तुकडीतले निम्मे जण रोख रक्कम घेऊन फिरायला निघताहेत.

माझाही तोच विचार आहे. ताझारा रेल्वेने झांबिया, व्हिक्टोरिया धबधबा, तिथून नामिबियाचं वाळवंट, मग बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान, मग जॉर्जिया, ताजिकिस्तानातला पामीर, आणि पैसे उरले तर अजून पुढे. साधारण बारा ते चौदा महिने. सोबत एक कॅमेरा आणि दोन लेन्स. त्यातल्या झूमच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसायला लागलंय, त्याचं काय करायचं तेही सांगा.

आणि एक कबुली. पावणेदोन वर्षांत मी या गावाचे जेमतेम चारशे फोटो काढलेत. त्यातले दोनशे तर डोंगर आणि ढगांचे. रोज ज्यांच्यात वावरते त्यांच्यासमोर कॅमेरा काढायची लाज वाटते. मी इथे 'म्वालिमु' आहे, म्हणजे बाई, शिक्षिका. कॅमेरा हातात घेतला की पर्यटक होते. म्हणून वाटतं, अनोळखी देशांत तरी मोकळेपणाने फोटो काढता येतील. चूक आहे का हे?

शंकासुर

पहिला प्रतिसाद माझा आणि सवयीप्रमाणे थंड पाण्याचा.

दोन वर्षं सेवा केलीत, आनंद आहे. वर अजून एक वर्ष भटकणार, म्हणजे नोकरीच्या अर्जावर तीन वर्षांचं भगदाड. शिवाय स्वयंसेवेत पगार नसतो म्हणतात, मग चौदा महिने फिरायला पैसे येतात कुठून? हे सेवा करून मग जग बघण्याचं फॅड हल्ली कुठून निघालंय कोण जाणे.

निवांत_नकाशा

शंकासुर, फॅड तुमच्याआमच्यापेक्षा म्हातारं आहे हो. स्वयंसेवक पाठवणारी ब्रिटनची संस्था व्हीएसओ 1958 ची, अमेरिकेचं पीस कोअर 1961 चं, जपानची योजना 1965 ची, संयुक्त राष्ट्रांची 1970 ची. पगार नसतो हे बरोबर, पण राहण्याखाण्यापुरता भत्ता असतो आणि बऱ्याच ठिकाणी सेवा संपताना घडी बसवण्यासाठी एकरकमी पैसे मिळतात. पीस कोअरवाले सत्तावीस महिने काढतात, आणि परतताना लांबचा रस्ता घेणं ही त्यांच्यात जुनी रीतच आहे. मी स्वतः संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत तीन वर्षं होतो, नंतर सोळा महिने फिरलो. पैसे सोळाव्या महिन्यात संपले, त्याआधी अक्कल संपली होती.

आता खडूताईंसाठी. तुमचा नकाशा पाहिला. डास उडतो तसा आहे. पण तो आत्ताच दुरुस्त करू नका, आधी बाकीची कामं.

रोख रक्कम घेणार असाल तर विमा कोणत्या तारखेला संपतो ते लेखी विचारून घ्या. बहुतेकांचा सेवा संपते त्याच दिवशी संपतो, आणि आमच्यातले दोघं हे न कळल्यामुळे पहिले तीन आठवडे विम्याशिवाय हिंडले. सेवा संपतानाची वैद्यकीय तपासणी घाईत उरकू नका. तुम्ही मातेमाला किंवा न्यासा सरोवराच्या दुसऱ्या कुठल्या काठाला पोहलात का? पोहला असालच, सगळेच पोहतात. त्या पाण्यात बिलहार्झियाचे जंतू असतात, त्वचेतून आत शिरतात आणि महिनोन्महिने काही त्रास नसतो. शेवटचं पोहणं झाल्यावर सहा ते आठ आठवडे जाऊ द्या, मग तपासणी करा, त्याआधी केली तर निष्पन्न होत नाही. औषध साधं आहे, प्राझिक्वांटेल. मलेरियाच्या गोळ्या त्या भागातून बाहेर पडल्याबरोबर बंद करायच्या नसतात: डॉक्सीसायक्लिन पुढे चार आठवडे, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. आणि नंतर वर्षभरात कुठेही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी टांझानियात होते' हेच सांगायचं. पामीरमधल्या डॉक्टरच्या मनात मलेरिया येणार नाही. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड असेल तर जपा, 11 जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डावर दहा वर्षं लिहिलेली असली तरी.

सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: व्हिसाचे अर्ज निवासी परवाना जिवंत असतानाच करा. कित्येक दूतावास फक्त त्या देशात कायदेशीर राहणाऱ्यांचेच अर्ज घेतात. आज तुम्ही टांझानियाच्या रहिवासी आहात, तुमच्याकडे शाळेचं पत्र आहे, संस्थेचं पत्र आहे. डिसेंबरात तुम्ही नुसत्या प्रवासी व्हाल. त्या दिवसानंतर प्रत्येक खिडकीवर 'तुमच्या देशात जाऊन अर्ज करा' हे ऐकायचं.

जगप्रदक्षिणेच्या तिकिटांबद्दल विचाराल म्हणून आधीच: विमान कंपन्यांच्या आघाड्यांची ती तिकिटं वर्षभरच चालतात, उड्डाणं जास्तीत जास्त सोळा, दिशा एकच, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचा. तुमच्यासारख्या डासमार्गाला निरुपयोगी. एकेरी तिकिटं काढा, आणि पुढच्या देशातून बाहेर पडण्याचा पुरावा विमानतळावर मागतात तो हाताशी ठेवा.

अवांतर: ताझारा 1970 ते 75 मध्ये चीनने बांधून दिलेली, दार-एस-सलामपासून कापिरी म्पोशीपर्यंत 1,860 किलोमीटर. वेळापत्रक ही तिथे एक सूचना असते. गाडी सुटणार आहे का हे स्टेशनात जाऊनच विचारा, आणि झांबियाचा पुढचा कार्यक्रम तासांवर ठरवू नका.

खडूचीधूळ

निवांतदादा, हात जोडले. निवासी परवान्याचं डोक्यातही नव्हतं. आणि हो, मातेमाला पोहलेय. चारदा.

रातकिडा

कॅमेऱ्याचं मी घेतो.

जाळ्यासारखं दिसतंय ती बुरशी. तुमच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, आणि लेन्स बहुधा पिशवीत घालून कपाटात ठेवली असेल. काळोख, ओल आणि बंद हवा, बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. घरी उघडून पुसायला जाऊ नका. सध्या ती लेन्स रोज वापरा, उजेडात राहू द्या, रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेल ओलसर झालं की तव्यावर मंद गरम करून परत कोरडं होतं. फोटोत फरक दिसत नसेल तर तशीच न्या. उजेडाच्या विरुद्ध दिशेला काढलेले फोटो धुरकट यायला लागले की समजा तिचे दिवस भरले. आणि प्रवासाला खरं तर एकच लेन्स पुरते. 35 मिलिमीटरची असेल तर तीच.

बाकी थोडक्यात. पामीरमधल्या मुरघाबला, म्हणजे 3,600 मीटरवर, रात्री बॅटऱ्या झोपायच्या पिशवीत आपल्यासोबत घ्यायच्या, बाहेर ठेवल्या तर सकाळी अर्ध्या झालेल्या असतात. वर अक-बैताल खिंड 4,655 मीटर आहे, तिथे बॅटरीआधी आपलीच चार्जिंग संपते. पॉवर बँक 100 वॉट-अवरच्या आतली घ्या आणि ती केबिनमध्येच, चेक-इन सामानात चालत नाही. ड्रोनचा मोह असेल तर मोरोक्को आणि इजिप्तमध्ये विमानतळावरच काढून घेतात. फिल्म वापरत असाल तर नवीन सीटी स्कॅनरमधून जाऊ देऊ नका, हाताने तपासा म्हणून विनंती करा.

आणि फाइली. 24 मेगापिक्सेलचा एक रॉ फोटो पंचवीस-तीस एमबीचा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक प्रत आपल्यापासून लांब. हा नियम फोटोवाल्यांच्यात सगळ्यांना पाठ असतो आणि निम्मे जण तो पहिली डिस्क हरवल्यावर पाळतात. माझी गेली ती एका रात्रीच्या बसमध्ये. पाच महिने होते त्यात.

शंकासुर

पाच महिने गेले म्हणून तुमचं काय बिघडलं रातकिडा? पाच महिने तुम्ही पाहिलेत की डोळ्यांनी.

रातकिडा

हे सांत्वन तेव्हा माझ्या बायकोनेही केलं होतं. तिचे फोटो तिच्या फोनमध्ये सुरक्षित होते.

वळणवाट

खडूचीधूळ, तुमची कबुली वाचून उठून पाणी प्यायले. मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

मी उत्तर घानात होते, तामालेपासून तासाभरावर एका गावात, दोन वर्षं. शिआ झाडाच्या बियांचं तेल काढणाऱ्या बायकांच्या गटाचे हिशेब लावून द्यायचं काम. तुमच्यासारखाच संकोच होता, पण मी त्यावर तोड काढली होती: कुणाच्या लक्षात न येता फोटो काढायचे. बाया बिया वाळवताहेत, कुणी ओसरीत केस विंचरतंय, हरमट्टानमध्ये सूर्य दुधी काचेमागच्या दिव्यासारखा झालाय आणि त्यातून सायकलवर कुणी येतंय. हरमट्टान म्हणजे सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा, नोव्हेंबरअखेर ते मार्च. कॅमेऱ्याची वाट लावतो पण उजेड असा देतो की विचारू नका. मला ते फोटो फार आवडायचे. 'नैसर्गिक' म्हणायचे मी त्यांना.

गावातल्या लोकांना मात्र ते फोटो दाखवले की चेहरे पडायचे. एक म्हातारी बाई, गटाची खजिनदार, मला म्हणाली, यात माझं फडकं मळकं आहे, पाय दिसत नाहीत, आणि मी तुझ्याकडे बघत पण नाहीये. असा फोटो कशाला कोण ठेवेल? मग ती घरात गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली ती ठेवणीतलं कापड नेसून, डोक्याला बांधून, नातवाला शेजारी उभं करून. ताठ, हात मांडीला लावून, गंभीर. 'स्नॅप मी' म्हणाली. मी एक काढला, मनात म्हटलं हा काय पासपोर्टचा फोटो, आणि पुढे कधी छापलासुद्धा नाही.

मग मी तिथून निघाले आणि चौदा महिने फिरले. अडतीस हजार फोटो. साधारण एक टेराबाइट. चौथ्या महिन्यात उयुनीला होते. दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं मैदान, 3,650 मीटर उंचीवर, जानेवारीत वर पाण्याचा पातळ थर, आभाळ पायाखाली. बघताना अंगावर काटा आला. आणि फोटो? माझ्यासोबतच्या जीपमधल्या सहाही जणांचे अगदी तेच. ड्रायव्हर प्लास्टिकचा डायनासोर घेऊनच येतो, तो जवळ ठेवायचा, माणसं लांब उभी करायची, की डायनासोर माणसं खातोय असं दिसतं. आमच्यातल्या प्रत्येकाकडे तो डायनासोर आहे. त्या रात्री मी कॅमेऱ्यात मागे मागे जात राहिले आणि लक्षात आलं की चार महिन्यांत एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही. बाजारातली बाई, बोटीवाला, टोपीवाला मुलगा. सगळे पाठमोरे किंवा माझ्याकडे न बघणारे. मी घानातली तीच युक्ती जगभर वापरत होते, फक्त आता दोन वर्षांचं नातंही पाठीशी नव्हतं.

म्हणजे तुमचा जो अंदाज आहे ना, की अनोळखी देशांत मोकळेपणाने काढता येतील, तो खरा ठरतो. मोकळेपणा भरपूर मिळतो. त्या मोकळेपणाचं करायचं काय, ते कळत नाही.

पुढे जॉर्जियात, स्वानेतीमध्ये, मेस्तियाच्या वर एका वाडीत सहा आठवडे राहिले. खरं तर चार दिवस राहणार होते, पाय मुरगळला. ते दगडी बुरूज सगळे बघायला जातात, नवव्या ते तेराव्या शतकातले, तेही दोन दिवसांत बघून होतात. ऑगस्ट होता, गवत कापायचा हंगाम. पाय बरा झाल्यावर घरधनिणीने हातात दाताळं दिलं. तीन आठवडे मी गवत ओढलं, कॅमेरा पेटीत. मग एके दिवशी तिच्या सासऱ्यांनीच विचारलं, हा घेऊन फिरतेस तर आमचा कधी काढणार? आणि ते आत जाऊन दाढी करून आले.

मला तामालेची ती म्हातारी आठवली. यावेळी मी पासपोर्टचा फोटो म्हणून नाक मुरडलं नाही. बाहेर खुर्ची ठेवली, त्यांना हवे तसे बसू दिलं, नंतर कुटुंबातले एकेक येत गेले. गावात जाऊन छापून आणले. भिंतीवर लागले. त्यानंतर त्या घरात मी कधीही, कसाही, कुणाचाही फोटो काढला तरी कुणाच्या कपाळावर आठी नाही. गवताच्या गंजीवर झोपलेल्या पोराचा आहे एक, माझा सगळ्यात आवडता. तो मला आधीच्या तीन आठवड्यांत मिळालाच नसता.

सेदू कैता हे नाव ऐकलं असेल. मालीत, बामाकोला 1948 पासून स्टुडिओ चालवायचा. मागे स्वतःच्या पलंगावरची चादर टांगायचा, आणि लोकांना घालायला सूट, हातात घ्यायला पेन, रेडिओ, टेकायला अगदी स्कूटरसुद्धा द्यायचा. आज ते फोटो जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ते सगळे 'पासपोर्टचेच' फोटो आहेत. माणसं तुमच्याकडे सरळ बघतात, आणि त्यांना जसं दिसायचं होतं तशी दिसतात.

तर माझं म्हणणं एवढंच: फिरायला जरूर जा. पण हातात अजून चार महिने आहेत. जिथे नावं माहीत आहेत तिथे आधी काढा. लाज वाटते ना, मग त्यांनाच विचारा कसा हवाय.

सोनकी

वाचनखूण साठवली. दंडवत.

शंकासुर

वळणवाट, लिहिलंय छान, पण पटलं अर्धंच. असं विचारून, खुर्ची मांडून फोटो काढायचे तर जगातले निम्मे महान फोटो झालेच नसते. ब्राझीलचा फोटोग्राफर सेबॅस्टिओ साल्गादो बघा. अर्थशास्त्रज्ञ होता, कॉफीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत, कामासाठी आफ्रिकेत जायचा, बायकोचा कॅमेरा घेऊन गेला आणि 1973 मध्ये नोकरीच सोडली. म्हणजे तुमच्यासारखाच, विकासाच्या कामातून कॅमेऱ्याकडे आलेला. त्याने काय दुष्काळातल्या प्रत्येकाला ठेवणीतलं नेसून यायला सांगितलं?

अनवाणी

शंकासुर, उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून. साल्गादोवर लेखिका सुसान सोंटॅग यांनी 2003 मध्ये घेतलेला आक्षेप नेमका हाच होता: त्याच्या फोटोंखाली माणसांची नावं नसतात. प्रसिद्ध माणसाचं नाव सगळे छापतात, निर्वासिताच्या खाली 'निर्वासित' एवढंच. आणि ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी? पेशावरजवळच्या छावणीत 1984 मध्ये फोटो काढला, 1985 मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला, आणि तिचं नाव शरबत गुला आहे हे जगाला कळलं 2002 मध्ये. मधली सतरा वर्षं तिचा चेहरा सगळ्यांना माहीत होता आणि तिला ते माहीत नव्हतं.

मी एका मदतसंस्थेत फोटो निवडायच्या कामावर होते, म्हणून खडूचीधूळ यांना एक रुक्ष सूचना. शाळेतल्या मुलांचे फोटो हा वेगळा मामला आहे. युरोपातल्या संस्थांच्या कॉनकॉर्ड महासंघाने 2006 मध्ये यासाठी आचारसंहिता केली, तिचा गाभा असा की फोटोतल्या माणसाला तो कुठे वापरणार ते कळलं पाहिजे आणि त्याची संमती पाहिजे. मुलांच्या बाबतीत पालकांची. घरी लावायला फोटो काढून देणं वेगळं आणि समाजमाध्यमावर 'माझी चिमुकली' म्हणून टाकणं वेगळं. ते दुसरं करू नका. शाळेचं नाव आणि मुलाचं नाव एकत्र तर अजिबात नको.

शंकासुर

नावाचा मुद्दा मान्य. खुर्चीचा नाही.

खडूचीधूळ

खुर्चीवरून एक गंमत. स्वाहिलीत फोटो 'मारतात'. पिगा म्हणजे मारणे, पिगा सिमु म्हणजे फोन करणे, पिगा पिचा म्हणजे फोटो काढणे. पहिल्याच महिन्यात मी भाजीवाल्या बाईंना विचारलं, 'नाओम्बा कुकुपिगा', आणि पुढचा 'पिचा' हा शब्दच आठवेना. म्हणजे मी त्यांना नम्रपणे विचारलं होतं की तुम्हाला बडवू का. सगळा बाजार हसला. बहुतेक तेव्हापासूनच माझा कॅमेरा पिशवीत गेला असावा.

रातकिडा

ठ्ठो!

आपण मराठीत फोटो 'काढतो' ते बरंय. चित्र काढतो, विहिरीतून पाणी काढतो, तसा. आत काहीतरी असावं लागतं.

निवांत_नकाशा

आपण कुरापतही काढतो, शंकासुरना विचारा.

परतीचापक्षी

सगळे जाण्याबद्दल बोलताहेत, मी परतण्याबद्दल बोलतो.

मी सेवा संपल्यावर थेट न परतता अकरा महिने फिरलो. तेव्हा वाटलं, मधल्या काळात हळूहळू सवय होईल. तसं झालं नाही. 1963 मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने परदेशी राहून आलेल्यांचा अभ्यास करून एक इंग्रजी डब्ल्यूसारखी वक्ररेषा मांडली होती: तिकडे गेल्यावर एक घसरण, आणि परत आल्यावर दुसरी. प्रवासाने ती दुसरी घसरण टळत नाही, फक्त पुढे जाते. आणि तोवर सोबत सेवा केलेले सगळे आपापल्या घरी रुळलेले असतात, त्यांचे फोन येणं कमी झालेलं असतं. मी घसरलो तेव्हा एकटाच होतो. लोक विचारायचे, 'कसं होतं आफ्रिका?' आणि उत्तराला वीस सेकंद द्यायचे. मी त्यांना प्रवासातले फोटो दाखवायचो, कारण ते दाखवायला सोपे. कामाच्या गावाबद्दल मी जवळजवळ वर्षभर कुणाशीच बोललो नाही.

जाऊ नका असं म्हणत नाही. सोबतच्या तुकडीतल्या एकदोघांशी ठरवून संपर्क ठेवा, एवढंच. आणि पैशांचा एक तुकडा, निदान तीन महिन्यांच्या खर्चाचा, परतल्यावरसाठी बाजूला ठेवा. त्याला हात लावायचा नाही, पामीर कितीही सुंदर असला तरी.

निवांत_नकाशा

परतीचापक्षी, शेवटच्या मुद्द्याला +1. मी तो तुकडा पेरू देशात खाल्ला.

खडूताई, तुमच्या डासमार्गाबद्दल राहिलंच. डिसेंबरात व्हिक्टोरियाला झांबियाच्या बाजूने पाणी नुकतंच वाढायला लागलेलं असतं, बराचसा कडा उघडा दिसेल. एक किलोमीटर सातशे मीटर रुंद धबधबा बघायला जाऊन कातळ बघून याल. एप्रिलच्या आसपास पाणी भरपूर, पण मग तुषारांमुळे समोरचं काही दिसत नाही आणि कॅमेऱ्याची आंघोळ होते. जून-जुलै मधला मार्ग. म्हणून एक सुचवतो: उलटं करा. आधी बोलिव्हिया, उयुनीचा आरसा जानेवारी ते मार्चच असतो. उन्हाळ्यात जॉर्जिया आणि पामीर. आफ्रिकेचा दक्षिण भाग शेवटी ठेवा, म्हणजे परत जाताना म्बेयावरून जाता येईल.

खडूचीधूळ

म्बेयावरून परत जाणं... हे मनात आलं नव्हतं. थांबा, विचार करते.

खडूचीधूळ (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

वळणवाट यांचं वाचल्यावर आठवडाभर काही केलं नाही. मग स्टाफरूममध्ये सहज म्हटलं, मी जाण्याआधी ज्यांना हवाय त्यांचे फोटो काढून देईन, छापून. फुकट. मला वाटलं दहाबारा जण येतील. मुख्याध्यापकांनी फळ्यावर सूचना लावली आणि दुसऱ्या दिवशी एकशे सतरा नावांची यादी माझ्या टेबलावर. मुलांच्या नावापुढे पालकांची सही घ्यायची असं मी अनवाणीताईंच्या धाकाने ठरवलं होतं, तर सह्यांसोबत पालकही आले.

रविवारी ग्रंथालयाच्या भिंतीपाशी बसलो. दक्षिणेची भिंत नाही, तरी दुपारपर्यंत सावली बरी होती. कोरड्या हंगामाची धूळ हवेत, उजेड मऊ. मागे एक निळी चादर, माझ्याच पलंगावरची (कैतासाहेबांची क्षमा मागून). 35 ची लेन्स. बुरशीवाली डब्यातच राहिली.

मी कुणालाच काही सांगितलं नाही, तुम्हाला कसा हवाय एवढंच विचारलं. कुणी हसलं नाही. सगळे ताठ. नववीतल्या दोन मुलींनी भौतिकशास्त्राचं पुस्तक हातात धरलं, तेही उघडून. शिपाईमामांनी शाळेची घंटा मागवली. रात्रीच्या पहारेकऱ्यांना पूर्ण पाय दिसायला हवे होते, कारण बूट नवीन होते. भाजीवाल्या बाई आल्या, त्याच. बसल्यावर म्हणाल्या, 'हं, मार आता.'

व्हॉट्सॲपवर पाठवा की, छापायचा खर्च कशाला, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. पण यादीतल्या निम्म्यांकडे स्वतःचा फोन नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनाही कागदच हवाय. म्बेया शहरातल्या स्टुडिओत छापायला दिलेत, चार बाय सहाचे. प्रत्येकाच्या मागे नाव लिहायचं काम दहावीच्या वर्गाने घेतलंय, कारण माझं स्पेलिंग चुकतं.

तिकिटाऐवजी रोख रक्कम घेतेय. बोलिव्हिया आधी, म्बेया शेवटी. तीन महिन्यांचे पैसे बाजूला काढले. परवाना संपायच्या आत दोन व्हिसांचे अर्ज केलेत. बिलहार्झियाच्या तपासणीची तारीख मिळालीय, आणि त्यासाठी मातेमाला आता जायचं नाही हे स्वतःला रोज बजावतेय.

एक गोष्ट संगणकावर फोटो बघताना लक्षात आली. नऊ फोटोंमध्ये कोट एकच आहे. करडा, खांद्यात सैल, वरचं बटण वेगळ्या रंगाचं. पहारेकऱ्यांनी घातलाय, दोन शिक्षकांनी, चार पालकांनी, आणि दहावीतल्या दोन पोरांनी, ज्यांच्या बाह्या बोटांपर्यंत आल्यात. मी कॅमेऱ्यामागे होते, मला कळलंच नाही तो भिंतीमागे हातोहात फिरत होता ते.

शंकासुर

खुर्चीबद्दलचं माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. कोट कुणाचा?

खडूचीधूळ

मुख्याध्यापकांचा. त्यांचा स्वतःचाच फोटो राहिलाय. यादीत शेवटचे आहेत, पण कोट अजून एका पालकाकडून परत आलेला नाही. आला की काढू.